नोकरी सांभाळून सायकली विकणारा मास्तर

तुमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर असा एक तरी जण असेलच. दर दोन दिवसांनी तो एक लिंक टाकतो. कधी इयरफोन, कधी शूज, कधी ट्रॅव्हल बॅग, कधी प्रोटीन पावडरचा डबा. घ्यायचंच असेल तर याच लिंकवरून घ्या, असा आग्रहही असतो. पहिल्यांदा मैत्रीखातर दोघं-तिघं घेतात. मग एकाचे इयरफोन पंधरा दिवसांत एका बाजूने मुके होतात आणि त्यानंतर त्या लिंकवर कुणाचंच बोट पडत नाही. लिंक टाकणारा वैतागतो आणि ॲफिलिएट मार्केटिंगमध्ये काही राम नाही, असं सगळ्यांना सांगत फिरतो.

ज्यांना हा प्रकार माहीत नाही, त्यांच्यासाठी थोडक्यात. वस्तू दुसऱ्याची, दुकान दुसऱ्याचं, माल घरपोच करणाराही दुसराच. तुम्ही फक्त गिऱ्हाईक त्या दुकानाच्या दारापर्यंत नेऊन सोडायचं. तुमच्या नावाची खूण असलेल्या लिंकवरून त्याने ठरावीक मुदतीत खरेदी केली, तर विक्रीच्या काही टक्के कमिशन तुम्हाला मिळतं. माल परत गेला तर कमिशनही गेलं. भांडवल लागत नाही, गोडाऊन लागत नाही, नोकरी किंवा कॉलेज सांभाळून रात्री तासभर देता येतो. म्हणून पहिली नोकरी लागलेल्या कित्येकांना पगाराशिवायच्या चार पैशांसाठी हाच रस्ता सोपा वाटतो.

इंटरनेटवरचा हा धंदा तसा तरुण आहे. ॲमेझॉनने आपली ॲफिलिएट योजना 1996 मध्ये सुरू केली. पण दिवसा नोकरी करायची आणि उरलेल्या वेळात दुसऱ्याने बनवलेली वस्तू लोकांपर्यंत नेऊन दोन पैसे मिळवायचे, ही कल्पना काही अमेरिकेतून आलेली नाही. सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वी मुंबईतल्या एका तंत्रशाळेतला तरुण मास्तर हेच करत होता. तो मुंबईत सायकली विकत घ्यायचा आणि बेळगावला भावाकडे विकायला पाठवायचा. त्याचं नाव लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर.

होय, तेच. ज्यांच्या आडनावाचे पंप आणि इंजिनं आजही शेतात आणि कारखान्यांत दिसतात, ते लक्ष्मणराव. मराठी वाचक त्यांना लकाकि या आद्याक्षरांनीही ओळखतात. त्यांचा कारखाना सगळ्यांना माहीत असतो. पण कारखान्याच्या आधी एक नोकरी होती आणि नोकरीच्या शेजारी एक छोटा जोडधंदा होता. आजच्या गोष्टीत आपल्याला त्या जोडधंद्याकडे बघायचं आहे.

रंग न कळणारा चित्रकार

लक्ष्मणरावांचा जन्म 20 जून 1869 रोजी बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूर गावचा. वडील काशिनाथपंत वेदांताचे अभ्यासक. अशा घरातल्या मुलाने पुस्तकात डोकं घालावं ही अपेक्षा होती. लक्ष्मणचं मन मात्र शाळेत रमायचं नाही. त्याला दोनच गोष्टी आवडायच्या, चित्रं काढणं आणि यंत्रं खोलून बघणं. आजच्या भाषेत सांगायचं तर मार्कांच्या शर्यतीत तो मागेच होता.

1885 मध्ये त्याने मुंबईच्या जे. जे. कला शाळेत जायचा हट्ट धरला. वडिलांना ते पसंत नव्हतं. पाठीशी उभा राहिला तो थोरला भाऊ रामुअण्णा. पैशांची थोडी सोय त्यानेच केली. लक्ष्मण मुंबईत आला, चित्रकलेचे धडे घेऊ लागला. दोन वर्षांनी लक्षात आलं की काही रंगांमधला फरक त्याच्या डोळ्यांना कळतच नाही. चित्रकार व्हायला निघालेल्या मुलाला अंशतः रंगांधळेपणा!

विचार करा, घरच्यांच्या मनाविरुद्ध आर्ट्सला गेलात, दोन वर्षं घालवलीत आणि मग कळलं की ज्या गोष्टीसाठी भांडलात ती आपल्याला शरीरानेच नाकारली आहे. अशा वेळी गावी परतणं सोपं होतं. लक्ष्मण परतला नाही. रंग सोडले आणि ज्यात रंग लागत नाही, फक्त रेषा आणि मापं लागतात, अशा यांत्रिक ड्रॉइंगकडे तो वळला. यंत्रांची आवड होतीच. आता हात आणि आवड एका ठिकाणी आले.

याच ड्रॉइंगने त्याला नोकरी मिळवून दिली. व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त 1887 मध्ये मुंबईत व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट निघालं. आजची माटुंग्याची व्हीजेटीआय ती हीच, तेव्हा ती भायखळ्याला होती. तिथे लक्ष्मणराव यांत्रिक ड्रॉइंगचे सहायक शिक्षक झाले. शिकवण्याचे तास संपले की ते संस्थेच्या वर्कशॉपमध्ये शिरायचे. लेथ कसा चालतो, ओतकाम कसं होतं, कुठला भाग का झिजतो, हे हाताने करून बघायचे. या कामाचे कुणी जादा पैसे देत नव्हतं. पण पगाराच्या नोकरीत राहून फुकट मिळण्यासारखं जे जे होतं, ते त्यांनी पुरेपूर घेतलं.

मुंबईत खरेदी, बेळगावात विक्री

मुंबईच्या रस्त्यावर लक्ष्मणरावांनी पहिल्यांदा सायकलवर बसलेला माणूस बघितला. आपल्याला त्यात नवल वाटणार नाही, पण तेव्हा सायकल ही आजच्या इलेक्ट्रिक गाडीसारखी नवलाईची वस्तू होती. हवेच्या टायरचं पेटंट डनलॉपने घेतलं तेच मुळी 1888 मध्ये. दोन चाकांवर माणूस तोल सांभाळून जातो, घोडा लागत नाही, चारा लागत नाही, हे बघून मास्तरांचं कुतूहल जागं झालं. त्याबरोबर आणखी एक गोष्ट त्यांच्या लक्षात आली. ही वस्तू मुंबईत मिळते, पण बेळगावात मिळत नाही. बेळगाव लष्करी छावणीचं गाव, नव्या वस्तूला गिऱ्हाईक मिळण्यासारखं. आणि तिथे आपला भाऊ आहे.

बस, एवढंच. त्यांच्याकडे कारखाना नव्हता, मोठं भांडवल नव्हतं, नोकरी सोडायची तयारीही नव्हती. दोघा भावांनी कामं वाटून घेतली. लक्ष्मणराव मुंबईत सायकल निवडून विकत घ्यायचे आणि बेळगावला पाठवायचे. रामुअण्णा तिथे विक्री बघायचे. दुकानाला नाव दिलं किर्लोस्कर ब्रदर्स. किर्लोस्कर समूह आपलं स्थापनेचं साल मानतो ते हेच, 1888. पंप नाही, नांगर नाही, सुरुवात झाली ती दुसऱ्याने बनवलेल्या सायकली विकण्यापासून.

काटेकोरपणे बोलायचं तर हे आजचं ॲफिलिएट मार्केटिंग नव्हे. सायकली आधी स्वतःच्या पैशाने घ्याव्या लागत आणि विकली गेली नाही तर नुकसान घरातच राहायचं. आज लिंक टाकणाऱ्याला तो धोका नाही. पण मूळ काम तेच होतं. ज्याला वस्तू हवी आहे पण ठाऊक नाही, त्याच्यापर्यंत ती पोहोचवायची आणि मधल्या कामाचा मोबदला घ्यायचा.

आता किंमत ऐका. एक सायकल सातशे ते हजार रुपयांना जायची. त्या काळातले हजार रुपये! एवढे पैसे मोजणारा माणूस नुसत्या आग्रहाने खिशात हात घालत नाही. त्याला सगळ्यात मोठी भीती असते, आपण पडलो तर? दोन चाकांच्या त्या वस्तूवर बसायचं कसं हेच मुळात कुणाला माहीत नव्हतं. हजार रुपये देऊन चारचौघांत तोंडावर आपटायची हौस कुणाला असणार?

किर्लोस्कर बंधूंनी ही अडचण ओळखली. सायकल विकण्याबरोबर ती चालवायला शिकवायचं कामही त्यांनी सुरू केलं. शिकवणीचे पंधरा रुपये. गिऱ्हाइकाची भीतीही जायची आणि शिकवणारे म्हणून चार पैसेही मिळायचे. सायकल बिघडली तर दुरुस्ती करायला आणणार कुठे? त्याच दुकानात. म्हणजे वस्तू विकली आणि संबंध संपला, असा तो व्यवहार नव्हता. विकणारा रोज त्याच गावात होता, त्याच रस्त्यावर भेटत होता. खराब माल गळ्यात मारून तोंड लपवायची सोयच नव्हती.

आपल्या ग्रुपवरच्या त्या लिंकवाल्या मित्राला इथेच कमी पडलं. त्याने वस्तू कधी वापरली नव्हती, कुणाला ती चालेल आणि कुणाला चालणार नाही हे सांगितलं नव्हतं आणि बिघडल्यावर काय करायचं याची त्याला कल्पना नव्हती. कमिशन तर दोघांनाही मधल्या माणसाचंच मिळणार होतं. पण बेळगावच्या दुकानात मधल्या माणसाने काहीतरी काम केलं होतं.

बढती हुकली तेव्हा

लक्ष्मणरावांची नोकरी मात्र चालू होती. जोडधंदा सुरू झाला म्हणून त्यांनी दुसऱ्या दिवशी राजीनामा दिला नाही. दिवसा वर्ग, वर्कशॉप, ड्रॉइंगबोर्ड. उरलेल्या वेळात सायकलींची खरेदी आणि रवानगी. हे असं काही वर्षं चाललं.

मग तो प्रसंग आला. संस्थेत बढतीची वेळ आली, तेव्हा लक्ष्मणरावांना डावलून ती एका अँग्लो-इंडियन माणसाला देण्यात आली. काम येत होतं, अनुभव होता, वर्कशॉपमधलं प्रत्येक यंत्र हाताखालून गेलं होतं. पण इंग्रजांच्या राज्यात कातडीचा रंग वरचढ ठरला. ज्या माणसाला चित्रातले रंग ओळखता येत नव्हते, त्याला हा रंग मात्र नीट दिसला.

अशा अपमानानंतर माणूस दोनच गोष्टी करू शकतो. गिळून नोकरीत राहायचं किंवा बाहेर पडायचं. बहुतेकांना गिळावा लागतो, कारण महिन्याच्या शेवटी घर चालवायचं असतं. लक्ष्मणरावांना बाहेर पडता आलं, कारण बेळगावात एक दुकान उभं होतं. ते दुकान मोठं नव्हतं. त्यातून कुणी श्रीमंत झालं नव्हतं. पण पाय टेकायला जागा होती, गिऱ्हाइकांची ओळख होती आणि विकायचं कसं याची कल्पना होती. त्यांनी नोकरी सोडली आणि ते बेळगावला भावाकडे आले.

दुसऱ्या उत्पन्नाबद्दल आपण बोलतो तेव्हा बहुतेक वेळा आकडाच बोलतो. महिन्याला किती सुटतात, ईएमआय निघतो का, नवा फोन येतो का. लक्ष्मणरावांच्या बाबतीत त्या उत्पन्नाचं खरं काम वेगळंच निघालं. अपमान गिळायचा की नाही हे ठरवायचा हक्क त्यांना त्या छोट्या दुकानाने दिला.

दोन वर्षं न विकलेला नांगर

बेळगावात आल्यावर लक्ष्मणरावांनी दुसऱ्याची वस्तू विकण्याच्या पुढे पाऊल टाकलं. आता स्वतः काहीतरी बनवायचं. आजूबाजूला शेतकरी होते. जनावरांपुढे कडब्याची आख्खी पेंडी टाकली की निम्मा पायदळी जातो, हे रोज दिसत होतं. कडबा बारीक कापणारं यंत्र बनवलं तर चारा वाचेल. छोट्याशा कारखान्यात कडबा कापायची यंत्रं तयार होऊ लागली. त्याच्या पाठोपाठ आला लोखंडी नांगर.

लाकडी नांगर जमीन वरवर उकरतो. लोखंडी नांगर खोल जातो, माती उलथवतो, हरळी आणि कुंद्यासारख्या चिवट तणांची मुळं उपटून काढतो. हे सगळं बरोबर होतं. पण शेतकरी नांगराला हात लावायला तयार नव्हते. लोखंडाने जमिनीत विष भिनतं, अशी लोकांची समजूत होती. ज्या जमिनीवर घर चालतं, तिच्यात विष घालायला कोण तयार होईल? पहिला नांगर विकला जायला दोन वर्षं लागली.

दोन वर्षं! आपण रील टाकून दोन तासांनी व्ह्यूज मोजतो आणि आठवड्याने चॅनल बंद करतो, त्या हिशेबात हे जरा बसवून बघा. या काळात लक्ष्मणरावांनी शेतकऱ्यांना अडाणी ठरवून नाद सोडला नाही आणि खोटी आश्वासनं देऊन नांगर खपवलेही नाहीत. माणसाला नव्या वस्तूची भीती का वाटते, हे त्यांनी सायकलच्या वेळी जवळून पाहिलं होतं. तिथे पडायची भीती होती, इथे जमीन नासायची. दोन्ही भीती जाण्याचा रस्ता एकच, वस्तू प्रत्यक्ष चालताना दिसणं. एकाच्या शेतात पीक चांगलं आलं की बांधापलीकडचा विचारायला येतो. पुढे हाच नांगर किर्लोस्करांची ओळख बनला.

दुसऱ्याच्या शब्दावर उभा कारखाना

सगळं मार्गी लागतंय असं वाटत असतानाच घाव बसला. बेळगाव नगरपालिकेला शहर वाढवण्यासाठी जागा हवी होती आणि किर्लोस्करांचा कारखाना त्या जागेवर होता. जानेवारी 1910 मध्ये कारखाना हलवायचा हुकूम आला. यंत्रं, भट्टी, कामगार, गिऱ्हाईक, सगळं एका कागदाने रस्त्यावर आलं. लक्ष्मणरावांनी चाळिशी ओलांडली होती.

ऑनलाइन कमाई करणाऱ्यांना ही गोष्ट ओळखीची वाटेल. एखादी कंपनी एका सकाळी कमिशनचा दर कमी करते, एखादं ॲप नियम बदलतं, एखादं खातं बंद होतं आणि वर्षभर जमवलेलं गिऱ्हाईक एका रात्रीत हातातून जातं. चूक आपली असतेच असं नाही. जागा आपली नसते, एवढंच.

या वेळी मदतीला आले औंध संस्थानचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी. त्यांनी लक्ष्मणरावांना दहा हजार रुपयांचं कर्ज दिलं आणि कारखान्यासाठी आपल्या संस्थानात जमीन देऊ केली. कुंडल रोड नावाच्या रेल्वे स्टेशनजवळ बत्तीस एकर माळरान. निवडुंगाने भरलेलं, सापांनी भरलेलं, पाण्याची वानवा. राजाने इतकी मोठी रक्कम दिली ती कोणत्या तारणावर? लक्ष्मणरावांकडे देण्यासारखं होतंच काय? होतं ते नाव. वीसेक वर्षं सायकल असो, यंत्र असो की नांगर, विकलेल्या वस्तूमागे उभं राहून कमावलेलं नाव.

10 मार्च 1910 हा किर्लोस्करवाडीचा स्थापनादिन. सुरुवातीला पंचवीस कामगार आणि त्यांची कुटुंबं तिथे आली. आधी निवडुंग तोडला, मग राहुट्या-झोपड्या, मग कारखाना, मग घरं. थोरले रामुअण्णा बरोबर होतेच. वसाहतीच्या उभारणीचा मोठा भार त्यांनी उचलला. लक्ष्मणराव माणसं निवडताना सर्टिफिकेट बघत नसत. औपचारिक पात्रता नसलेल्या शंभुअण्णा जांभेकरांच्या हाती त्यांनी यंत्रांची देखभाल सोपवली. एवढंच कशाला, गुन्ह्याची शिक्षा भोगून आलेल्या माणसांना त्यांनी वसाहतीच्या रखवालीवर नेमलं. आपल्यावर कुणीतरी विश्वास टाकला म्हणून आपण उभे राहिलो, हे ते विसरले नव्हते. तोच विश्वास त्यांनी पुढे दिला.

कुंडल रोड स्टेशनचं नावही पुढे किर्लोस्करवाडी झालं. आज ते गाव सांगली जिल्ह्यात पलूस तालुक्यात आहे. पुण्याहून मिरजेकडे रेल्वेने जाल तेव्हा खिडकीतून पाटी नक्की दिसेल.

कॅटलॉग नव्हे, खबर

1920 मध्ये किर्लोस्कर ब्रदर्स लिमिटेड कंपनी झाली. त्याच वर्षी आणखी एक गोष्ट सुरू झाली आणि आजच्या कंटेंटवाल्या पिढीने ती जरूर लक्षात घ्यावी. लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव किर्लोस्कर, म्हणजेच शंवाकि, कारखान्याची जाहिरात आणि विक्री बघत होते. त्यांनी किर्लोस्कर खबर नावाचं छोटं नियतकालिक काढलं.

हेतू साधा होता. कारखान्याची माहिती गिऱ्हाइकांपर्यंत आणि वाडीची खबर सगळ्यांपर्यंत न्यायची. पण त्यात नुसती नांगरांची किंमतपत्रकं छापली असती, तर लोकांनी त्यात शेंगदाणे बांधले असते. शंकररावांनी वाचकाला उपयोगी पडेल असा मजकूर द्यायला सुरुवात केली. उद्योग, विज्ञान, सामाजिक सुधारणा, साहित्य. लोक जाहिरातीसाठी नव्हे, वाचण्यासाठी अंक मागू लागले. पुढे नावातली खबर गळाली आणि किर्लोस्कर हे मराठीतल्या महत्त्वाच्या मासिकांपैकी एक झालं. त्याच्या पाठोपाठ 1930 मध्ये स्त्री आणि 1934 मध्ये मनोहर ही मासिकं निघाली.

आधी वाचकाला काहीतरी द्यायचं आणि मग विकायचं, हे तंत्र आज महागड्या ऑनलाइन कोर्समध्ये शिकवतात. शंभर वर्षांपूर्वी एका माळरानावरच्या छापखान्यात ते चालू होतं. आणि त्याची मुळं शोधत मागे गेलात तर पंधरा रुपयांच्या सायकल शिकवणीपर्यंत पोहोचाल.

पुढचा प्रवास तुम्हाला ठाऊक असेल. नांगरांनंतर पंप आले. मुलगा शंतनुराव अमेरिकेत एमआयटीत इंजिनिअर होऊन 1926 मध्ये परतला आणि कामाला लागला. 1946 मध्ये पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स आणि बंगळूरमध्ये किर्लोस्कर इलेक्ट्रिक सुरू झाली. 26 सप्टेंबर 1956 रोजी लक्ष्मणराव गेले. 1969 मध्ये त्यांच्या जन्मशताब्दीला टपाल खात्याने त्यांचं तिकीट काढलं. बेळगावात आजही किर्लोस्कर रोड आहे.

आता आपल्या लिंककडे

ही गोष्ट वाचून उद्या कुणी कारखाना काढावा, असं सांगायचं नाही. सगळ्यांनी नोकरी सोडून धंद्यात उडी घ्यावी, असं तर अजिबातच नाही. लक्ष्मणरावांनी स्वतः घाईघाईने नोकरी सोडली नव्हती आणि सोडल्यानंतरचा रस्ता किती खडतर होता हे आपण पाहिलं. पण पगाराच्या जोडीला ॲफिलिएट मार्केटिंग करून बघावं असं मनात असेल, तर त्या सायकलींच्या दुकानाकडे एकदा नीट बघायला हरकत नाही.

पहिली गोष्ट, वस्तू ओळखीची हवी. ड्रॉइंग शिकवणाऱ्या, यंत्रांत रमणाऱ्या माणसाने सायकल निवडली, अत्तर नाही निवडलं. तुम्ही ट्रेक करत असाल तर बूट आणि सॅकबद्दल लिहा, स्पर्धा परीक्षा देत असाल तर पुस्तकांबद्दल. जे स्वतः वापरलं नाही त्याची शिफारस करू नका. कमिशन कुठे जास्त आहे हे बघून वस्तू निवडली की वाचणाऱ्याला ते दोन ओळींत कळतं.

दुसरी गोष्ट, शिकवा. कुठली वस्तू कुणासाठी नाही हेही सांगा. स्वस्तातली चांगली असेल तर स्वस्तातलीच सुचवा. त्या दिवशी कमिशन कमी मिळेल, पण माणूस पुढच्या वेळी तुम्हालाच विचारेल.

तिसरी गोष्ट, आपल्याला कमिशन मिळतं हे लपवू नका. भारतात जाहिरात क्षेत्राच्या स्वयंनियमन संस्थेने, म्हणजे ॲस्कीने, 2021 मध्ये आणि केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने 2023 मध्ये यासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत. जाहिरात किंवा आर्थिक संबंध असेल तर तो वाचकाला सहज दिसेल असा सांगावा लागतो. बेळगावच्या गिऱ्हाइकाला समोर दुकान दिसत होतं, त्याला वेगळं सांगावं लागत नव्हतं. तुमच्या मित्राला तुमचं दुकान दिसत नाही, म्हणून तुम्ही सांगायचं.

चौथी गोष्ट, नोकरीशी प्रामाणिक राहा. ऑफर लेटरवर सही करण्याआधी बाहेरच्या कामाबद्दलचं कलम वाचा. काही कंपन्यांना आधी परवानगी लागते. ऑफिसच्या वेळात, ऑफिसच्या लॅपटॉपवर लिंका बनवत बसू नका. मिळालेलं कमिशन हे उत्पन्नच आहे, ते रिटर्नमध्ये दाखवायचं असतं. आणि नोकरीत शिकता येईल ते सगळं शिकून घ्या. वर्कशॉपमध्ये घालवलेले ते बिनपगारी तास नसते, तर बेळगावात यंत्र बनलंच नसतं.

शेवटची गोष्ट, एकाच्याच जागेवर सगळा संसार मांडू नका. एकच ॲप, एकच कंपनी, एकच योजना यांवर अवलंबून राहिलात, तर जानेवारी 1910 कधीही येऊ शकतो. तेव्हा कामी येतं ते आपलं नाव आणि आपली माणसं.

कुणी म्हणेल, तेव्हा भाऊ होता, राजा होता, आपल्या पाठीशी कोण आहे? खरं आहे, रामुअण्णा नसते तर लक्ष्मणराव मुंबईला गेलेच नसते. पण राजा काही पहिल्या दिवशी आला नव्हता. तो आला बावीस वर्षांनी. तोवर एका भावाने मुंबईत सायकली निवडल्या होत्या, दुसऱ्याने बेळगावात त्या विकल्या होत्या आणि भीत भीत पहिल्यांदा सायकलवर बसणाऱ्या कुणाची तरी सीट पाठीमागून धरून ठेवली होती.

तर आज रात्री ग्रुपवर लिंक टाकण्याआधी स्वतःला एवढंच विचारा. समोरचा पडणार नाही याची काळजी मी घेतली आहे ना? घेतली असेल, तर बिनधास्त टाका.